तंगाखालचा दाणा

दिवाळी उरकून सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटू लागलं, की पुणे-नगर रस्त्यावर घोडी दिसायला लागतात. वरातीतली नटवलेली नव्हेत. धनगरांची, ठेंगणी, पोट सुटलेली, धुळीनं मूळचा रंग हरवलेली. पाठीवर आख्खं बिऱ्हाड असतं. घोंगड्या, पातेली, जाळ्या, पिठाची गाठोडी, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एखाद्या झोळीतून मान बाहेर काढून जग बघणारं दोन दिवसांचं कोकरू. मेंढरं घेऊन पुरुष लांबून रानारानानं जातात. घोड्यांबरोबर चालतात त्या बायका.

गेल्या आठवड्यात पुण्याहून परत येताना सुप्याजवळ त्यांनी आमची गाडी अडवली. हल्ली सुपा म्हणजे कारखाने, कामगारांच्या बसेस आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब भिंती. त्या भिंतीच्या कडेनं घोडी चालली होती आणि त्यातलं एक अवखळ शिंगरू रस्त्याच्या मधोमध येऊन उभं राहिलं होतं. मुलगी गाडी चालवत होती. तिनं हॉर्नवर हात ठेवला.

"वाजवू नकोस," मी म्हणालो. "बुजेल."

काच खाली केली आणि माझी नजर नेहमीच्या ठिकाणी गेली. घोडं दिसलं की लोक तोंड बघतात, चाल बघतात, हौशी माणूस अंगावरचे भोवरे मोजतो. मी पुढच्या पायाच्या कोपरामागे बघतो. तिथून तंग जातो. तंग म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा. पाठीवरचा सगळा संसार त्या चार बोटं रुंदीच्या पट्ट्यावर तगून असतो. पन्नास वर्षं झाली, ही खोड जात नाही. बायको होती तोवर चिडवायची, की हा माणूस स्वर्गात गेला तरी आधी इंद्राच्या घोड्याच्या काखेत हात घालील.

ती खोड लागली ती याच सुप्यात, बहात्तरच्या दुष्काळात.

तेव्हा इथं भिंती नव्हत्या. माळ होता, आणि माळावर जनावरांचा दवाखाना म्हणून दोन खोल्या होत्या. त्यात मी होतो, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, इस्त्रीचा सदरा घालणारा, आणि स्वतःवर सतत नाराज असलेला. मला शस्त्रक्रिया करायच्या होत्या. वाट्याला आली होती ती खडकाळ जमीन आणि तिच्यावर उभी राहून माझ्याकडे बघणारी हाडकुळी गुरं. आजारी नव्हती ती, उपाशी होती. उपासावर माझ्या कपाटात औषध नव्हतं. त्या वर्षी पाऊस नव्हता, चारा नव्हता, विहिरींना तळ दिसत होते. भरपूर होत्या त्या माशा. ओढ्याकाठी जनावरं मरून पडत आणि माशांना तेवढे सुगीचे दिवस आलेले. आजही बंद खोलीत एक माशी गुणगुणली तरी माझं डोकं फिरतं. घरातल्यांना त्याचं हसू येतं.

दवाखान्यात माझ्या जोडीला गुलाबभाई होते. ड्रेसर. पट्टी बांधणं, जनावर धरणं, आणि मी चिडलो की चहा ठेवणं ही त्यांची कामं. त्या साली चहा काळाच असायचा.

धनगर एरवी दिवाळीनंतर हलायचे. त्या साली दसऱ्यालाच निघायची भाषा सुरू झाली. दवाखान्यामागच्या माळावर त्यांचा वाडा पडला होता. वाडा म्हणजे दगडाविटांचा नव्हे. बरोबर हिंडणाऱ्या आठ-दहा बिऱ्हाडांचा तळ. वाडा आला की गावातली माणसं तिकडं फेऱ्या मारायची, आणि त्या फेऱ्या घोड्याच्या केसासाठी असायच्या. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधला की ती सुकून गळते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. मास्तर यायचे, दुकानदार यायचा, नव्या नवऱ्या पदरात तोंड लपवून यायच्या. सगळ्यांना ठकूबाईच हवी असायची. तिच्या मैना घोडीचा केस म्हणे हमखास लागू पडायचा.

ठकूबाई म्हणजे वाड्याच्या कारभाऱ्याची, बिरूनानाची, विधवा भावजय. उंच, सुकलेली, कपाळावर गोंदण, आणि बोलणं असं की समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ती पुढच्या कामाला लागलेली असायची. एकच केस हिसक्यानं उपटायची, दातात धरून ताणून बघायची आणि द्यायची. मैना ढिम्म. शेपटीला इतके हात लागलेले, की तिनं तो व्यवहार कधीच कबूल करून टाकला होता.

एका सकाळी तीच मैना दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

"जरा हितं बघा," म्हणत ठकूबाईनं घोडीचा डावा पाय पुढं ओढला. कोपरामागे, बरोबर तंगाच्या वाटेवर, मांसाचे तीन गोळे होते. एक लिंबाएवढा, दोन बोरांएवढे. वरची कातडी फाटलेली, लाल, ओली. माशांनी ते झाकूनच टाकलेले होते.

"कधीपासून आहे?"

"आखाडात एक हुतं. सुपारीयेवढं. चामखीळ म्हून मी केस बांदला."

"कुणाचा केस?"

"कुनाचा म्हंजे? हिचाच. आवळला, सुकलं, भादव्यात गळून पडलं. मी तर गूळ चारला हिला. आन मंग त्याच बुडातनं ही तीन आली."

मी चिडलो. घाव चिघळवून आणायचा आणि मग डॉक्टर शोधायचा, असं काहीबाही बोललो. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"बोलून झालं का तुमचं?" ती म्हणाली. "आता मला येवढं सांगा. सगळ्या गावाच्या चामखिळी हिच्या केसानं गळत्यात. हिचीच का न्हाई गळत?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आवाजात मात्र त्याचा पत्ता नव्हता. माझा राग तिथल्या तिथं बसला, आणि मी बाह्या वर करून खाली वाकलो.

माझं सगळं शहाणपण बोटांत आहे. डोळे फसतात, पुस्तकं गोंधळात टाकतात. बोट ठेवलं की मला जरा कळायला लागतं. वाढीव मांस म्हणावं तर ते जखम भरताना येतं, आणि इथं मूळची जखमच नव्हती. माशांनी सोडलेल्या किड्यांचा फोड म्हणावा तर त्यात बारीक पिवळे खडे बोटाला लागतात, तेही नव्हते. साधी चामखीळ शिंगराच्या ओठावर येते आणि आपली आपण जाते, आणि मैना काही शिंगरू नव्हती. राहता राहिला तो कर्करोग, पोटात घुसणारा. त्याच्या धास्तीनं मी काखेतल्या, मानेखालच्या रसग्रंथी चाचपल्या. मऊ होत्या. पण त्या तीन गोळ्यांच्या खाली, कातडीत, एक टणक चकती होती, आणि दिसत होतं त्याच्या दुपटीनं ती पसरलेली होती. केसाचा फास वरच्या डोक्याला बसला होता. मुळाला त्यानं नुसतं डिवचलं होतं.

"डाक्टरसाब, हिला समजतंय बघा," घोडीचं तोंड धरून उभे असलेले गुलाबभाई म्हणाले. "तिथं हात गेला की दात विचकती, मानंवर ठेवला की डोळं मिटती."

मी नखाएवढा तुकडा कापून औषधाच्या बाटलीत घातला आणि एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती पुण्याला तपासणीला पाठवला. असा तुकडा घेतला की गाठ कधीकधी जास्तच चेवते, हे मी ठकूबाईला आधीच सांगितलं होतं. झालंही तसंच. पुण्याहून निरोप येईपर्यंत लिंबाची मोसंबी झाली. रोज सकाळी ठकूबाई घोडी घेऊन यायची, मी माशा हाकलून औषध लावायचो, आणि दोघंही दुसऱ्याच कशावर तरी बोलायचो. तेव्हा मला कळलं, की दुखण्यापेक्षा वाट बघणं जास्त अंगावर येतं. आता ते फार चांगलं कळतं. उन्हाळ्यात माझ्या कानामागची गाठ पुण्यात काढली आणि तपासणीला दिली, तेव्हा आम्ही घरातही असेच दुसऱ्याच कशावर तरी बोलत होतो.

पुण्याचा निरोप आला: सारकॉइड. याला मराठीत शब्द नाही. वाड्यावर जाऊन मी सांगितलं, की ही मांसाची गाठ आहे, कातडीतच वाढते, काळजा-आतड्यांत शिरत नाही. कापली तरी पुन्हा येते, हा तिचा वाईट गुण. पण हिच्यानं घोडी मरत नाही.

"मरत न्हाई म्हंजे बरंच की," ठकूबाई म्हणाली.

बिरूनाना गुडघ्याला पटका बांधून बसला होता. त्यानं वर न बघता विचारलं, "पन तंग बसंल का?"

हा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. गाठ कसली, कुठवर गेली, मारते की नाही, एवढंच आम्ही शिकलो. ती कशाखाली आली आहे, हे कुणी शिकवलं नाही. हीच गाठ मानेवर असती तर मैना दहा वर्षं मजेत चालली असती. कानावर असती तर कुणी मान वळवून बघितलंही नसतं. सगळा फरक त्या चार बोटांच्या पट्ट्याचा होता.

"न्हाई बसणार," माझ्याऐवजी नानानंच उत्तर दिलं. "मंग काष्टीच्या बाजारात उभी करू. कुनी न्हाईच घेतली तर दावं सोडून येऊ."

त्या साली दावं सोडून येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको होतं. ओढ्याकाठी रोज दिसत होतं ते. नानाला दुष्ट म्हणता येईना. वाड्यातलं प्रत्येक घोडं अर्ध्या पोटावर होतं, वाट कोकणापर्यंतची होती, आणि ओझं न वाहणारं घोडं चारा मात्र खाणार होतं.

ठकूबाई माझ्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत आली. दारात थांबून म्हणाली, "डाक्टर, आमच्यात जिचं घोडं तिचं बिऱ्हाड. मालक गेलं त्याच साली ही जन्मली, ह्या हातावर. हिच्या पाठीवर माझी चूल हाय. ही गेली की मी दिराच्या चुलीवर. भाकर मिळंल, न्हाई असं न्हाई. पन मागून खावी लागंल." आणि मग आवाज चढवून, "कापा तुमी. मुळापासनं कापा."

मला त्या क्षणी भीती वाटली. जनावराची नव्हे, त्या बाईच्या चुलीची.

आम्ही मैनाला नांगरलेल्या मऊ शेतात पाडलं. गुंगीचं औषध पाजलं, दोर घातले, सुया देऊन जागा बधिर केली. वाड्यातले चार गडी दोरांवर, गुलाबभाई मानेवर, आणि ठकूबाई तोंडाशी बसून तिच्या डोळ्यांवर पदर धरून. मी दिसत होतं त्याच्याबाहेर दोन बोटं जागा सोडून कापत गेलो. चकती निघाली, पण तळाशी कुठं संपते ते रक्तात दिसेना, म्हणून मी लोखंड तापवायला सांगितलं. डाग देणं हे धनगरांच्या रोजच्या ओळखीचं काम. माझ्यावरचा त्यांचा विश्वास त्या शेणीच्या निखाऱ्यांपाशी बसला. जळक्या मांसाचा तो वास. मैनानं एकदाच सगळं अंग ताठ केलं. पदराखालून ठकूबाई तिला सांगत होती, "झालं, माझी बाय, झालं." झालेलं काहीच नव्हतं. मी अजून डागतच होतो.

तळहाताएवढा खड्डा उरला. भरायला थंडी उलटणार, आणि तोवर त्यावर तंगाचा दोराही नको, असं मी सांगितलं. नानानं दाढी खाजवली. मग वाड्यातल्या बायका आपसांत काहीतरी बोलल्या, आणि त्यातली एक थोराड बाई पुढं येऊन म्हणाली, "ठकूआत्तीचं आमी वाटून घेतो. कुनाच्या घोडीवर पातेली, कुनाच्या घोडीवर घोंगड्या. रिकामी चालू द्या हिला."

"परतीपतूर," नाना शेवटी म्हणाला. "पावसाच्या तोंडाला माघारी येऊ तवा तंग बसला पायजे. न्हाई बसला तर काष्टी. मंग रडायचं न्हाई, वैनी."

"न्हाई रडायची," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाडा हलला. करंजाच्या तेलाची बाटली आणि औषधाची भुकटी मी तिच्या पिशवीत घातली. सगळी घोडी लादलेली, आणि त्यांच्यामध्ये मैना मोकळी. मला ते दृश्य आनंदाचं वाटायला हवं होतं. पण मोकळं घोडं पाहून रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, आणि ठकूबाई डोक्यावर पाट्याचा दगड घेऊन चालली होती. तेवढा कुणाच्या घोडीवर बसला नव्हता.

तो हिवाळा आणि तो उन्हाळा मी कसा काढला ते तुकड्यांनीच आठवतं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या हातांना बांधलेल्या चिंध्या. दुपारच्या उन्हात पत्रा कडकडायचा तो आवाज. कामावर वाटलेल्या सुकडीचा वास. आणि कधीही, भाकरी मोडताना, दाढी करताना, मनात एकदम यायचं, की आता ते घाट उतरले असतील, आता तिथं दमट हवा असेल, आता माशा. भरत आलेल्या जखमेवरची गुलाबी कातडी मी न बघताच बोटांना जाणवायची. एका घोडीसाठी एवढं काय, असं मी स्वतःला दटावायचो. मग कळायचं, की शेकडो गुरांना मी काहीच देऊ शकलो नव्हतो; जिथं काही करता आलं असं ते एवढंच होतं, आणि तेही हातातून निसटेल की काय याची मला धास्ती होती.

मृगाच्या सुमाराला मेंढरांचा आवाज आला. मी इंजेक्शनची सुई तशीच ठेवून बाहेर धावलो. गुलाबभाई मागून हसत होते.

मैना लादलेली होती! सगळं नाही, अर्धं ओझं. पण पातेली तिची, घोंगड्या तिच्या, आणि वर एक कोंबडी ठसक्यात बसलेली. ठकूबाई आणखी वाळली होती, काळी पडली होती, आणि चालताना हात झुलवत होती.

"बगा," ती म्हणाली.

मी तंग ढिला करून खाली हात घातला. व्रण सुरेख भरला होता. जाड, घडीदार कातडी, तिच्यावर पांढरे केस. बोटं आनंदानं फिरत होती. कडेला गेली, पुढं सरकली, मागं आली आणि थांबली. कातडीखाली बाजरीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. टणक. दाबलं तर हलत नव्हतं.

मी वर पाहिलं. ठकूबाई माझ्या हाताकडं बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काय डाक्टर," पलीकडून नानानं हाळी दिली. तो हौदावर पाणी पीत होता. "बसला म्हनायचा का तंग?"

मी बोलायला तोंड उघडलं.

"हळू बोला," ठकूबाई म्हणाली. विनवणी नव्हती त्यात. पाळण्यात मूल निजलेलं असताना बायका सांगतात, तसं. मग माझ्या हातावर हात ठेवून पुटपुटली, "येवढुसं हाय. पावसाळा जाऊ द्या."

"जखम चांगली भरलीय, नाना," मी मोठ्यानं म्हणालो.

ते खरंच होतं. तिनं स्वतः तंग आवळला, नेहमीपेक्षा एक बोट ढिला, आणि घोडीला टिचकी मारून पुढं निघाली. त्याच पावसाळ्यात माझी बदली झाली. पुढं दाण्याचं काय झालं, मैना कुठवर चालली, ठकूबाईची चूल किती वर्षं पेटली, मला माहीत नाही. बदलीच्या गावी नवं जनावर आलं, मग आणखी एक. पण ज्या रोग्याची अखेर कळत नाही, तो रोगी मनातून जात नाही.

गेल्या आठवड्यात, पुण्याला, त्या सकाळी, डॉक्टरीणबाईंनी माझ्या कानामागचा व्रण तपासला. नातीच्या वयाची पोरगी. बोटं गार, पण हात चांगला. मी डोळे मिटून तिच्या बोटांची चाल मोजत होतो. बोटं व्रणावरून फिरली, कडेला गेली, पुढं सरकली, मागं आली. थांबली.

मी डोळे उघडले आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. दाराशी खुर्चीत मुलगी बसली होती, फोनवर हॉलच्या माणसाशी बोलत. माघात नातीचं लग्न आहे. माझ्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी मुलीचा आवाज पहिल्यांदाच मोकळा लागत होता.

डॉक्टरीणबाईंनी बोलायला तोंड उघडलं.

"हळू बोला," मी म्हणालो.

ती गोंधळली. मग तिनं दाराकडं पाहिलं, आणि खाली वाकून माझ्या कानात सांगितलं, की बारीक आहे, पुन्हा काढता येईल, पण फार दिवस घालवू नका. मी म्हणालो, माघ जाऊ द्या.

सुप्याजवळ शिंगरू एकदाचं बाजूला झालं. शेवटची घोडी गाडीच्या अगदी जवळून गेली. तिच्या कोपरामागची कातडी स्वच्छ होती. मी काच वर केली.

"बाबा," गाडी सुरू करताना मुलीनं विचारलं, "त्या डॉक्टरीणबाई सकाळी तुमच्या कानात काय सांगत होत्या?"

"जखम चांगली भरलीय," मी म्हणालो.